गाडीच्या जाळीवरची झेंडूची माळ

यंदा खंडेनवमीला मुलानं गाडी पुजली. थोड्या वेळानं उन्हानं तापलेल्या बॉनेटवरून झेंडूचा वास आला आणि मी नकळत मागे सरकले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. अशाच खंडेनवमीला अप्पा मळमड्डीच्या घरून आई आणि मला जुन्या गाडीतून हुबळीला आत्याकडे जेवायला नेत होते. आईनं पहाटे उठून गाडीसाठी भरगच्च माळ ओवली होती. पुढची सगळी जाळी झेंडूनं झाकली होती. वाटेत नवलूर गावाच्या पुढे इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला.

अप्पांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि सेन्सरची वायरच काढली. काटा खाली आला.

"बघितलंस? हा सेन्सर खोटं बोलत होता," ते आईला म्हणाले.

वायर काढली की काटा पडणारच, हे मला आज कळतं.

"अहो, तरी जरा थांबा," आई म्हणाली. पण पाणी बघायला त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलंच. उकळतं पाणी उसळून त्यांच्या हातावर आणि माळेवर पडलं. अप्पा हात समोर धरून नुसते बघत राहिले. भोवती शिजलेल्या झेंडूचा वास पसरला.

आईनं फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. मग तिची नजर जाळीकडे गेली. आत वारा जायला जागाच नव्हती. तिनं माळ ओरबाडून काढली.

पुढे दर खंडेनवमीला ती गाडीला नुसतं कुंकवाचं बोट लावायची. फूल अप्पांच्या त्या हातावर ठेवायची.