पंचवीस अंशांवरचं पाणी

जळगावच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतल्या त्या बाईंना मी एकदाच भेटलो. नाव विचारायचं राहून गेलं.

त्याआधी मे महिन्यात, भर दुपारी, टाय लावलेला एक तज्ज्ञ आमच्या शेतावर आला होता. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी घेऊन त्याने त्यात चकचकीत मीटर बुडवलं आणि आमची नवी बोअर खारी ठरवली. टायपुढे आम्ही पाण्याची चवही विसरलो. माझे चुलते नाना तर केळी लावायचा बेतच सोडायला निघाले. मीच आग्रहाने त्यांना त्याच नळीतल्या पाण्याची बाटली घेऊन जळगावला आणलं आणि बाईंना तज्ज्ञाच्या मीटरचं सांगितलं.

बाईंनी बाटलीला उलटा हात लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

"एवढं गरम पाणी मोजलं कोणी?"

"सायेबनी," नाना म्हणाले. "बठ्ठं पानी खारं शे म्हने."

"पाणी तापलं की त्यातून वीज जास्त वाहते, नाना, आणि मीटरला क्षार जास्त वाटतात. आकडा पंचवीस अंशांचा धरायचा असतो. साहेबांनी मीटरला ते सांगितलंच नसेल. आधी ताप उतरू द्या, मग नावं ठेवा."

माठातलं पाणी बादलीत ओतून त्यांनी बाटली त्यात उभी केली. नाना तिच्याकडे दवाखान्यात बसल्यासारखे बघत राहिले. अखेर आकडा आला. पाणी केळीला चालणारं होतं.

पुढच्या वर्षी पहिल्या घडाची हिरवी फणी घेऊन नाना एकटेच त्यांच्याकडे गेले. बाईंनी तिलाही उलटा हात लावला म्हणे.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण दोन दिवस थांबू."