पाकिटातली चिठ्ठी

आबांच्या मेंढ्या नेहमी उजव्या अंगालाच का भरकटतात, हे मला फार उशिरा कळलं.

आबा म्हणजे माझे वडील. लोहाऱ्याजवळच्या आमच्या शिवारात त्यांनी आयुष्यभर मेंढ्या राखल्या. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांच्याबद्दल तक्रारी यायला लागल्या. कळपातल्या चार-दोन मेंढ्या शेजारच्या ज्वारीत शिरायच्या आणि आबांना पत्ताच नसायचा. एकदा त्या रानाचा मालक दारात आला.

"आबा, ध्यान कुठं असतंय हो तुमचं? डोळ्यादेखत मेंढरं शिरली की."

"दिसली असती तर हाळी दिली नसती व्हय?" आबा म्हणाले.

मीही तिथंच उभा होतो. मी हसत म्हणालो, "वय झालं आता तुमचं. इका ती मेंढरं." त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या बायकोनं. चहाचा कप उजवीकडं ठेवला की आबांचा हात लागून तो सांडतो, डावीकडं ठेवला की सांडत नाही. दाराच्या चौकटीला खांदा धडकतो तोही उजवाच. ती म्हणाली, "अहो, त्यांना त्या बाजूचं दिसत नाही. डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा."

मी तालुक्याच्या गावात एका शाळेत लिपिक आहे. त्याच महिन्यात शाळेत मुलांचे डोळे तपासायला शिबिर भरलं होतं. तपासणी संपत आली तेव्हा मी आबांना बोलावून घेतलं. डॉक्टर वयानं लहान होत्या, दिवसभर उभ्या राहून दमलेल्या. तरी त्यांनी बराच वेळ बॅटरी लावून आबांचे दोन्ही डोळे पाहिले आणि मला बाजूला घेतलं.

"डोळ्यातला दाब वाढला असेल अशी शंका आहे. इथं मोजायची सोय नाही. आठवडाभरात नेत्रतज्ज्ञांकडं न्या. थांबू नका."

त्यांनी तसं एका कागदावर लिहून दिलं. आबा तेव्हा व्हरांड्यात शिपायाशी गप्पा मारत होते. "काय म्हणली बाय?" त्यांनी विचारलं. "काही नाही, तपासून घ्या म्हणाल्या," एवढंच मी सांगितलं.

आमच्याकडं डॉक्टर निवडायचा म्हणजे काय करतात? त्याच्या हाताला गुण आहे का, तो कुणाचा पाव्हणा आहे, लगेच बघतो की दिवसभर बसवून ठेवतो, हे सगळं विचारतात. तो काय शिकलाय, हे कुणी विचारत नाही. मी शाळेत नोकरीला, चार कागद वाचणारा, पण मीही विचारलं नाही. सोलापूरला जायचं म्हणजे रजा, एसटी, नंबर लावणं. शिवाय त्या चिठ्ठीनं मला धास्ती बसली होती. मी आबांना घेऊन स्टँडजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेलो.

माझा चष्मा तिथलाच. दुकानदार पांढरा कोट घालायचा आणि सगळं गाव त्याला डॉक्टरच म्हणायचं. मीही म्हणायचो. त्यानं आबांची हनुवटी मशिनवर टेकवली, आत पाहिलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, "मोतीबिंदू आहे. कच्चा आहे अजून. पिकू द्या, मग काढू."

आबा बाहेर पायताण घालायला गेले तेव्हा मी हळूच चिठ्ठी पुढं केली. ती वाचून तो म्हणाला, "नवीन पोरी असतात हो सर ह्या. जो दिसेल त्याला मोठ्या दवाखान्यात धाडतात."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याचे आभार मानले. आबांनाही मोतीबिंदूचं पटलं. ज्वारीची कणसं भरल्याशिवाय कुणी काढणी करतं का, तसाच मोती, असं ते घरी येऊन बायकोला समजावत होते. तिनं विचारलं, "हे डॉक्टर शिकलेले आहेत ना?" मी तिच्यावर खेकसलो. मला जे ऐकायचं होतं ते सांगणारा माणूस मी निवडला होता, आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं.

चिठ्ठी मी फाडली नाही. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली. दोन वर्षं ती तिथंच होती. पाकीट उघडलं की तिची कड दिसायची, आणि मी पाकीट लवकर मिटायचो.

या दोन वर्षांत आबांनी मेंढ्या विकल्या. रस्ता ओलांडताना ते माझी बाही धरायला लागले. एकदा बाजारात उजवीकडून आलेली मोटारसायकल त्यांच्या धोतराला घासून गेली आणि ते ज्याला शिव्या देत राहिले तो माणूस कधीच पुढं निघून गेला होता. मग एका सकाळी डावा डोळा चोळता चोळता ते म्हणाले, "ह्यो डोळा झाकला की सगळं काळंच दिसतंय रं. लई पिकला वाटतं मोती."

त्या दिवशी मी रजेचा अर्जसुद्धा दिला नाही. सरळ सोलापूरची एसटी धरली. वाटेत आबा खिडकीशी बसले होते आणि बाहेरची गावं ओळखत होते, डाव्या डोळ्यानं. प्रत्येक नाव मी रस्त्याकडच्या पाटीशी ताडून पाहत होतो.

यावेळी मी दारावरची पाटी पूर्ण वाचली. डॉक्टरांनी थेंब टाकले, दाब मोजला, मागचा पडदा पाहिला. मग खुर्ची मागं सारली.

"मोतीबिंदू नाही हा. काचबिंदू आहे. दाबानं आतली नस सुकत जाते. उजव्या डोळ्याची गेली. ती नजर परत येणार नाही. डाव्याची थोडी राहिली आहे, ती राखायची. याआधी कुठं दाखवलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. आबांना काय कळलं असतं? पण डावा डोळा आता या माणसाच्या हातात होता आणि त्याच्याशी खोटं बोलायची मला भीती वाटली. मी पाकिटातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. घडीवर ती चिरत आली होती. डॉक्टरांनी वाचली, तारीख पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं.

"कसली चिठ्ठी?" आबांनी विचारलं. "वाच की."

मी वाचली. 'आठवडाभरात' या शब्दाशी मी अडखळलो. तो मला दुसऱ्यांदा वाचावा लागला.

आबांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं. "त्या साळंतल्या बायनं लिवल्याली?"

"व्हय."

"शानी व्हती पोर." मग त्यांनी मान डॉक्टरांकडं वळवली, नीट दिसावं म्हणून थोडी जास्तच वळवली. "सायेब, आता जे काय आसंल ते मला सांगा. ह्येला सांगू नगा."

डॉक्टरांनी सगळं त्यांनाच सांगितलं. कुठला थेंब कधी, थेंबानं दाब उतरला नाही तर ऑपरेशन, एक वेळही चुकवायची नाही. आबा प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवत होते. मी भिंतीकडच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. उठताना डॉक्टर मला म्हणाले, "हे घराण्यात येतं. तुम्हीही आजच तपासून घ्या."

दाब माझाही जास्त निघाला. मग त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत मशिनसमोर बसवलं. मधल्या दिव्याकडं बघत राहायचं, बाजूला कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काही ठिपके दिसले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच दिसेना. मशिननं ठिपका दाखवलाच नव्हता, की दाखवला होता आणि मला दिसला नव्हता? कळायला मार्ग नव्हता. घामानं बटण निसटत होतं. बाहेर बाकावर आबांचा खोकला ऐकू येत होता.

मी न दिसताच बटण दाबलं. पुन्हा एकदा दाबलं.

"असं नका करू," मशिनवरची बाई म्हणाली. "मशिनला कळतं. दिसलं तरच दाबा. चला, पहिल्यापासून करू."

मी अंगठा बटणावरून उचलला आणि हनुवटी पुन्हा टेकवली.