दोनच्या नाण्याचा काठ

सरकारी कचेरीच्या तळमजल्यावर, दोन लिफ्टच्या मधल्या कोनाड्यात अक्कांचा स्टॉल होता. चहाचा थर्मास, बिस्किटांच्या बरण्या, पाकिटं, पेनं आणि घरी अर्ज विसरून आलेल्यांसाठी कोरे अर्ज. सहा मजल्यांची ती इमारत दिवसभर त्यांच्यासमोरून ये-जा करायची आणि त्यातलं कोण कुठे निघालंय ते अक्का पावलांवरून सांगायच्या. अक्कांना दिसत नव्हतं. सहाव्या वर्षी तापात डोळे गेले ते गेलेच. पण नव्या माणसाला हे कळायला चहा संपेपर्यंत वेळ लागायचा. कारण त्याने दिलेली नाणी गल्ल्यात पडायच्या आत ओळखून झालेली असायची आणि उरलेले पैसे त्याच्या तळहातावर येऊन बसलेले असायचे.

हे वळण हाताला लावलं वडिलांनी. ते बसवर कंडक्टर होते आणि घर डेपोच्या मागेच. भरणा करायला जायच्या आधी ते घरी डोकवायचे आणि चामड्याची पिशवी लेकीसमोर चटईवर उपडी करायचे.

"पोरीला कसले हे पैशांचे खेळ!" आई करवादायची.

"खेळ नाही, शाळा आहे ही," वडील म्हणायचे.

त्या काळी प्रत्येक नाण्याला स्वतःचं रूप होतं. एक चौकोनी, ते 'खिडकी'. एकाच्या काठाला लाटा, ते 'फूल'. एकाच्या मधोमध भोक, ते 'नकटं'. एक तर इतकं हलकं, की फुंकर मारली तर उडून जाईल असं वाटावं. पोरगी त्यांच्या चळती लावायची आणि वडील एका चळतीत मुद्दाम दुसरंच नाणं सरकवून ठेवायचे. ते तिने उचलून परत दिलं की त्यांना कोण आनंद! नोटांचंही तसंच. जितकी किंमत जास्त तितका कागद मोठा. दहाची बोटांपुरती, पन्नासची पार मनगटापर्यंत.

पुढे लग्न जमलं तेही एका नाण्यावरून. लिफ्ट चालवणारा माणूस रोज अकराला चहा घ्यायचा. बोलणं मोजकंच, 'एक चहा' आणि 'बरं' एवढंच. पण एकदा त्याने दिलेल्या नाण्यांत एकावर आडवा ओरखडा होता. दुसऱ्या दिवशी अक्कांनी तेच नाणं त्याला सुट्ट्यांत परत दिलं.

"हे तुमचंच. काल गल्ल्यात चुकून राहिलं."

तिसऱ्या दिवशी ते नाणं पुन्हा हजर. वर्षभर ते एकच नाणं दोघांच्या हातांत फिरत राहिलं. शेवटी लिफ्टवाल्याने एका दमात आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य म्हटलं, "रोज देण्या-घेण्यापेक्षा एकाच घरात राहिलं तर बरं पडेल." अक्का इतक्या हसल्या, की रांगेतल्या माणसाचा चहा बशीभर सांडला.

संसार सुखाचा झाला. एक मुलगी झाली, शिकली, शाळेत शिकवू लागली. तीस वर्षं अक्कांनी एकाही गिऱ्हाइकाला 'हे किती आहे हो?' असं विचारलं नाही. आणि मग सरकारने नवी नाणी काढली.

दिसायला ती देखणी होती म्हणे. पण हाताला एकचं आणि दोनचं म्हणजे जुळे भाऊ. घेर तोच, काठ तसाच गुळगुळीत, वजनात फरक असलाच तर सोनाराच्या काट्यालाच कळावा. टेबलावर टाकलं तर आवाजही एकसारखा. पहिल्या आठवड्यात अक्कांना वाटलं, सवय होईल. महिना झाला तरी होईना. एके दुपारी तिसऱ्या मजल्यावरचा रेकॉर्ड-कारकून जिने उतरून आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, मघाशी तुमच्याकडून तीन जास्त आले."

कारकून भला माणूस, परत द्यायला आला होता. पण कुणी फसवलं असतं तर अक्कांना इतकं लागलं नसतं. चोरावर चिडता तरी येतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्टॉल चारलाच बंद केला.

घरी येऊन मुलीला म्हणाल्या, "कागद घे. टांकसाळीला पत्र लिहायचंय."

मुलीने आदराने सुरुवात केली, "माननीय महोदय, सविनय विनंती की..."

"विनंती खोड. मी काय मागायला जातेय? लिही: साहेब, तुमच्या एकच्या आणि दोनच्या नाण्यांतला फरक फक्त डोळ्यांना कळतो. खिशात डोळे नसतात. अंधारात बसचं तिकीट काढणाऱ्याला, चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्याला आणि मला तुमचं नाणं फसवतं. ते खोटं नाही, पण खऱ्यासारखं वागत नाही."

"आई, असं लिहितात का सरकारला?"

"सरकारने असं नाणं काढलेलं चालतं, मग मी लिहिलेलं का चालू नये?"

आठ महिने काही हललं नाही. लिफ्टवाले म्हणाले, "गेलं असेल केराच्या टोपलीत." आणि नवव्या महिन्यात लखोटा आला. टांकसाळीतून बोलावणं होतं, तीन दिवसांसाठी, सोबत एक माणूस चालेल. सोबतीला अर्थातच लिफ्टवाले; त्यांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली.

टांकसाळीत शिरताच अक्कांना आधी लागला तो जमिनीचा हादरा. कुठेतरी आत दणादण ठोके पडत होते आणि तापलेल्या धातूचा, तेलाचा वास भरला होता. त्यांना एका लांब टेबलाशी बसवलं. समोर मोठे साहेब, दोन धाकटे साहेब आणि कोपऱ्यात एक म्हातारे साचेकार. नाण्याचा पोलादी साचा हाताने कोरणारे ते. पस्तीस वर्षं हेच काम.

मोठे साहेब समजावू लागले, "बाई, दोन्हींत बारा शतांश मिलिमीटरचा फरक आहे."

अक्कांनी पर्समधून कापडी पिशवी काढली. येतानाच त्यांनी तिच्यात एकची आणि दोनची मिळून दहा नाणी भरून ठेवली होती. "साहेब, हात घाला. न बघता एक दोनचं काढून दाखवा."

साहेबांनी एकचं काढलं. पुन्हा घातला, पुन्हा एकचं. धाकट्या साहेबांनी सहांत चार चुकवली. मग पिशवी साचेकारांकडे गेली. त्यांनी बराच वेळ आत चाचपलं आणि काढलं ते एकचंच निघालं.

"मी कोरलंय हे," म्हातारे म्हणाले. "दोन वर्षं घालवली याच्यावर. आणि मलाच ओळखता येईना."

त्या क्षणापासून साचेकार अक्कांच्या बाजूचे झाले. तीन दिवस दोघं नमुन्याच्या चकत्या घेऊन बसले. धाकटे साहेब म्हणाले, वर उठावाचे दोन ठिपके देऊ. अक्कांनी मान हलवली. "दोन वर्षांत घासून सपाट होतील. नाण्याचा चेहरा आधी झिजतो. काठाला त्यामानाने कमी घासतं. काठावर काय ते करा."

"सगळीकडे खाचा?" साचेकारांनी विचारलं.

"सगळीकडे नको. पाचच्याला आहेतच. थोड्या खाचा, मग थोडं सपाट, पुन्हा थोड्या खाचा. बोट फिरवलं की अडखळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साचेकारांनी तशी चकती करून आणली. अक्कांनी ती अंगठ्याखाली फिरवली. बोट अडखळलं, घसरलं, पुन्हा अडखळलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते लिफ्टवाल्यांनी पाहिलं आणि ते उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

निघताना साहेबांनी मानधन म्हणून एक पाकीट दिलं. अक्कांनी आत बोटं घातली. एकच कागद, गुळगुळीत, कोणत्याच नोटेच्या मापाचा नाही.

"चेक आहे," साहेब म्हणाले.

"अहो, दिवसरात्र पैसे पाडता तुम्ही इथे," अक्का म्हणाल्या, "आणि मजुरी कागदाची?"

साचेकार इतके हसले, की त्यांना ठसका लागला. धाकट्या साहेबांनी पाणी आणून दिलं.

नाणं यायला पुढे तीन वर्षं गेली. सकाळच्या गर्दीत एका शिपायाने चहाचे पैसे ठेवले आणि अक्कांचा हात थांबला. मागे रांग कुरकुरायला लागली. अक्कांनी अंगठा एकदा फिरवला, दोनदा फिरवला.

"काय झालं अक्का? खोटं आहे का?" शिपायाने घाबरून विचारलं.

"नाही रे बाबा. चांगलं खणखणीत आहे."

लिफ्ट खाली आली तसं त्यांनी नवऱ्याला बोलावलं आणि नाणं त्याच्या हातात ठेवलं. लिफ्टवाल्यांनी डोळे मिटून ते फिरवलं.

"बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "छानच झालंय गं."

इमारतीत ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती आणि अक्कांनीही ढोल बडवला नाही. रोज शे-दीडशे लोक ते नाणं हातात घेत होते आणि न बघता मोजून देत होते, यातच त्या खूश होत्या.

आता काळ आणखी बदललाय. लोक फोन दाखवतात आणि टेबलावरचा चौकोनी डबा ओरडून रक्कम सांगतो. मुलीला वाटलं होतं, आईला वाईट वाटेल. अक्का म्हणाल्या, "वाईट कसलं? पैसा आजवर मुका होता, आता तोंडाने बोलतो. मला तर सोय झाली."

खोड एकच होती. डबा साऱ्या तळमजल्याला ऐकू जाईल असा ओरडायचा. पाचव्या मजल्यावरची टंकलेखक बाई महिनाअखेरीला चहा टाळून एकच बिस्किट घ्यायची, तर तेही सगळ्यांना कळायचं आणि ती घाईघाईने लिफ्टकडे पळायची. तिसऱ्या वेळी अक्कांनी डब्याच्या बाजूचं बटण चाचपून शोधलं आणि आवाज कमी कमी करत नेला, फक्त त्यांना ऐकू येईल इतका. मग बरणीचं झाकण उघडलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, "बोला, काय देऊ?"