जावयाच्या होडीला मी नावं ठेवली

अक्कांनो, अण्णांनो, आज माझी जीभ जरा जास्तच चालली.

गोव्याहून जावयानं व्हिडिओ कॉल केला. शिडाच्या दोन होड्या शेजारी उभ्या. त्याची चाळीस वर्षं जुनी, छोटीशी. मित्राची नवीकोरी, दुप्पट मोठी, आत फ्रिजसुद्धा. म्हणाला, "मामी, तिथूनच नारळ फोडा, मग माझी होडी पाण्यात घालतो."

मी म्हटलं, "जावईबापू, नारळ त्या मोठीला. तुमच्या होडीला खोबऱ्याचा तुकडा पुरे."

कॉलवरचे सगळे हसले. त्यानं फोन ठेवला.

मग लेकीचा फोन आला. "आई, दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी राबून त्यानं ती दुरुस्त केली. त्याला आई नाही, म्हणून तुला सांगितलं. होडी तशीच काठावर आहे."

जावयाची माफी मी कधी मागितली नाही. तुम्ही कुणी मागितलीय का? सुरुवात कशी करायची, सांगा की.