जमुनाबाईचं कुडाचं घर

विसरवाडीच्या नाक्यावर माझं सिमेंट-सळईचं दुकान आहे. हायवे रुंद झाला, घरकुलं मंजूर झाली, पोरं सुरतेहून पैसे धाडू लागली. धंदा असा चालला की जेवायला फुरसत मिळेना. तरी होळ्याची आठवण झाली की जीव हळहळतो.

होळ्या डोंगराकडच्या पाड्यावर कुडाची घरं उभी करायचा. विणलेल्या बांबूच्या भिंती, त्यावर शेणमाती, माथ्यावर कौलं. पाड्याची रीत अशी की छपराचं मधलं लाकूड, म्हणजे आढं, चढवायला घरटी एक माणूस येणार आणि घरवाली सगळ्यांना जेवू घालणार. बोलावणं नाही, मजुरी नाही.

होळ्याला घरकुल मिळालं आणि गड्याच्या डोक्यात हवा गेली. शेजारी नेहमीसारखे आले, तर हा म्हणतो, "घरी जा, ठेकेदाराचं मिक्सर आलंय." त्याच्या बायकोनं, जमुनाबाईनं, चढवलेला भात चुलीवरून उतरवला. अरे बाबा, काम नव्हतं तर नव्हतं, दोन घास तरी घालायचे होतेस. पुढं पाड्यावर ज्याचं त्याचं घर ठेकेदारच बांधू लागला.

या उन्हाळ्यात जमुनाबाईला दम्यानं गाठलं. स्लॅबखाली नुसती भट्टी. "मला मागच्या अंगणात कुडाचं घर करून दे," ती नवऱ्याला म्हणाली. होळ्यानं एकट्यानं खांब रोवले, कूड विणले. आढं चढवायच्या दिवशी तिनं मोठं पातेलंभर डाळ-भात रांधला. दुपार कलली, कुणी फिरकलं नाही. तरणी पोरं सुरतेला सेंटरिंगच्या कामावर. होळ्या शेजारच्या म्हाताऱ्या गोवालला आणायला गेला, तर तो ओट्यावरून उठलासुद्धा नाही. "तूच म्हणालास ना, घरी जा," एवढंच बोलला.

होळ्याचा मला फोन आला. आवाज पार पडलेला. मी मुळात तापट, म्हटलं, "होळ्याभाऊ, गेले उडत सगळे, मी शे ना, येतोच." ओळखीच्या माणसाला सांगून हायवेच्या कामावरची क्रेन घेऊन गेलो. आढं चुटकीसरशी वर बसलं. एवढ्या पातेल्यातलं क्रेनवाला तेवढा जेवला.

मला वाटलं, बाई खूश होईल. ती दारातच उभी होती. नवऱ्याला म्हणाली, "गारवा झाडाखालीही मिळतो. माणसं परत अंगणात यावीत म्हणून मी घर मागितलं होतं."

ती अजून स्लॅबखालीच धापा टाकत निजते. कुडाच्या घरात होळ्या शेळ्या बांधतो.