टी आणि आर असलेला पाच अक्षरी शब्द

सुखरामकाकांच्या मोबाईलला कुलूप मीच लावून दिलं होतं. पोरंटोरं मोबाईल घेतात, एखादं गाणं पुसून टाकतील, म्हणून त्यांनीच मागितलं. "पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ठेवा, कायम ध्यानात राहील असा," मी म्हणालो आणि ते टाइप करत असताना तोंड दुसरीकडे केलं.

पोळ्यानंतर त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही. मागच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेत, ते दंडारीच्या नाचगाण्यात गायले होते, तो आवाज मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल कुलूपबंद.

दिवाळीला मी नागपूरहून गावी आलो, तशी त्यांची बायको, रत्नाकाकी, मोबाईल घेऊन आमच्या दारात उभी.

"मले त्याईचा आवाज आयकाचा हाये गा, कमलेश. रोज थोडा थोडा इसरून राहिली मी. तू कॉम्प्युटरवाला ना? खोल."

मी तिच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. शब्द काय ठेवला होता, ते काका सांगू शकत नव्हते. मग त्यांची लेक शालू, जी आंधळगावहून आली होती, तिने आपल्या मुलीचा एबीसीडीचा तक्ता बाजेवर त्यांच्यासमोर धरला. डावं बोट बराच वेळ हवेत थरथरलं. मग टी वर टेकलं, नंतर आर वर. पुढे ते कुठेही फिरायचं, प्रत्येक वेळी वेगळीकडे. टी आणि आर मात्र दर वेळी यायचेच.

मी लॅपटॉपवर छोटासा प्रोग्राम लिहिला. टी आणि आर असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द. पडदा भरून वाहू लागला. बहुतेक शब्द मलाच माहीत नव्हते, काकांना कुठून असणार? तेव्हा यादी बंद केली आणि त्यांच्या आयुष्यात कोणते इंग्रजी शब्द आले असतील, ते आठवायला बसलो.

पहिला मोटर. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. पवनीच्या एका मिस्त्रीकडे काका पाण्याची मोटर बांधायला, म्हणजे आतली जळकी तार बदलायला शिकले आणि पुढे आख्ख्या भागातल्या धानाच्या बांध्यांना, भातशेतांना पाणी त्यांच्या हातून गेलं. सायकलला पिशवी, पिशवीत तांब्याची तार. इंग्रजी ते मोटरवरच्या पट्ट्या वाचूनच शिकले, एकेका अक्षरावर बोट फिरवत.

मोबाईल थरथरला. चूक.

मग स्टार्ट. चूक. मग अर्थ, म्हणजे जमिनीत सोडतात ती तार. ती नीट नसेल तर काका मोटरला हात लावायचे नाहीत, शेतकरी कितीही ओरडो. चूक.

"ट्रक टाक," शालू म्हणाली. "बाबा लय सांगत होते ट्रकाचं."

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, तेव्हा छपराचे कवेलू, दारं, कोंबड्या सगळं एका ट्रकात भरून ते इथे आले होते. काका दारांवर बसले होते, कारण दुसरीकडे जागा नव्हती. मी ट्रक टाकला. चूक. शालूने 'वॉटर' सुचवला. तो टाकताना माझं बोट घसरलं, पुन्हा टाकावा लागला. दोन्ही वाया.

मग पडद्यावर आलं: आणखी एकदा चुकलं तर सगळी माहिती पुसली जाईल.

मी वाचून दाखवलं. काकीने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.

"मीटर राहिला ना," शालू म्हणाली. "मीटरच असंन, आई."

"असंन म्हणते. अन् नसंन तं?"

"मग असाच ठेवून का फायदा?"

"ठेवला तं हाये तरी. तू बाप्पा लय घाई नको करू."

मीटर की आणखी काही? बाजेवर काका आमच्याकडे पाहत होते. त्यांना कळत होतं का, तेही कळत नव्हतं.

"दंडारीत दुसरेही लोक मोबाईल धरून होते," मी म्हणालो. "कोणाकडे तरी सापडेल. कोणतं गाणं होतं, काकी?"

"नाव का माहीत मले? बाप्याईचं गाणं, मानसाईचं."

"चाल तरी सांगा."

तिने दाराकडे पाहिलं. दंडारीत बायका गात नाहीत. लुगडं नेसून पुरुषच बाई होतात आणि खऱ्या बायका मांडवाबाहेरून ऐकतात. काका कधी पुढचे गाणारे नव्हते. ते मागचे. पुढच्याने ओळ टाकायची, यांनी तिचं शेपूट उचलायचं. ती सवय बोलण्यातही उतरली होती. मोटर पाणी फेकत नाही म्हटलं, की "फेकत नाही," म्हणत पिशवी उचलायचे. लोक चिडवायचे, "सुखरामले शिवी देऊ नको, अर्धी वापस येते."

काकीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दबक्या आवाजात ओळ म्हटली.

"नदीच्या पल्याड दिवा कोनाचा जळते..."

"...कोनाचा जळते."

आवाज बाजेवरून आला. घोगरा, पण चालीत. शालूच्या हातातला तक्ता खाली पडला.

"बाबा? बोला ना! मी कोन हावो?"

काकांचे ओठ हलले. नुसती हवा. शालूने पुन्हा विचारलं, मग रडायला लागली. मीही विचारलं. काही नाही. मला वाटलं, भास झाला आपल्याला.

"थांबा गा तुमी," काकी म्हणाली. ती बाजेजवळ गेली आणि तीच ओळ पुन्हा टाकली, आता जरा मोठ्याने.

"...कोनाचा जळते," काका म्हणाले.

पुढची ओळ तिला येत नव्हती. मांडवाबाहेर तेवढीच ऐकू आली असावी. मोबाईल तिने काकांच्या उशाखाली सरकवला. शालूने त्याच्याकडे पाहिलं, तशी म्हणाली, "राहू दे तिथंच. एक बारी बाकी हाये त्याची."

मग त्याच चालीवर तिने स्वतःची ओळ घातली.

"भात निवून राहिला, आता उठा जेवाले..."

काकांचं डावं बोट बाजेच्या लाकडावर हलायला लागलं, ताल धरत.

"...उठा जेवाले," ते म्हणाले.