रिबीनवालीची मान

महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी दुपारी तीनच्या खेळाला, केबिनच्या काचेतून खाली बघणं ऑपरेटरबाईंच्या जिवावर यायचं. आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

थिएटर जुनं, एकाच पडद्याचं. बाईंचे वडील तिथे ऑपरेटर होते. शाळा सुटली की बाई दप्तर घेऊन वर केबिनमध्येच यायच्या, स्टुलावर बसून अभ्यास करायच्या आणि वडिलांनी सांगितलं की रीळ गुंडाळून द्यायच्या. वडील गेल्यावर मालकांनी विचारलं, ‘जमेल का?’ बाई म्हणाल्या, ‘इतकी वर्षं काय करतेय मग?’ त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. लग्न झालं नाही. घरात आई आणि त्या, दोघीच. रोजचे खेळ दहा वर्षांपूर्वी डिजिटलवर गेले. हार्ड डिस्कचा डबा जोडायचा, बटण दाबायचं, संपलं. जुनं फिल्मचं मशीन मात्र बाईंनी तेलपाणी करून जिवंत ठेवलं होतं, ते एकाच पिक्चरसाठी.

ते पिक्चर होतं नव्वदच्या सुमाराला काढलेलं, साठच्या दशकातल्या एका बॅंडचं. पाच पोरं, निमुळत्या पॅंट्स, टोकदार बूट, कपाळावर केसांची झालर. पोरं एका गॅरेजमध्ये वाजवायला लागतात, गाजतात, भांडतात आणि पांगतात, एवढीच गोष्ट. लागलं तेव्हा दोन आठवड्यांत उतरलं. बाकीच्या प्रती कुठे कुठे सडल्या. वितरकानं परत न मागितलेली एक प्रत इथे पडून राहिली. मग पंधराएक वर्षांनी कोणीतरी मालकांना म्हणालं, एकदा लावा की ते. लावलं, आणि लोकांना असं काही वेड लागलं की दर महिन्याला लावणं भागच पडलं.

या मंडळींना बुकिंगवाला ‘रविवारवाले’ म्हणायचा. म्होरक्या होते निवृत्त पोस्टमास्तर. बासष्टाव्या वर्षी कपाळावर झालर यावी म्हणून त्यांनी टोप घेतला होता.

“उन्हाळ्यात तरी काढा हो ते मांजर डोक्यावरचं,” बुकिंगवाला म्हणायचा.

“तुला काय कळणार? तुझ्या डोक्यावर आणि डोक्यात, दोन्हीकडे मोकळं मैदान,” पोस्टमास्तर तिकीट घेत म्हणायचे.

या लोकांना सगळं पाठ होतं. कोणत्या संवादाला हसायचं, कुठे टाळ्या, कुठे पाय आपटायचे. आणि मध्यंतरानंतरच्या गाण्यात रिबीनवाली.

ते गाणं चित्रित झालं होतं याच थिएटरात. पाच पोरं स्टेजवर, खाली खच्चून गर्दी. गर्दीला गावातल्याच मुली घेतल्या होत्या, दिवसाला एक जेवण आणि घालायला कंपनीचे फ्रॉक. तिसऱ्या रांगेत हिरव्या रिबिनीची एक मुलगी स्टेजकडे बघत टाळ्या वाजवत असते. आणि एकदम, मध्ये काही नाहीच, तिचा चेहरा डाव्या खांद्यावरून मागे वळलेला. थेट कॅमेऱ्यात बघणारा. ओठ मिटलेले. मान वळताना दिसतच नाही. खटका बसावा तशी ती वळलेलीच असते. तेवढ्या ठिकाणी गाण्यातला एक शब्दही गिळला जातो.

रविवारवाल्यांचा जीव या रिबीनवालीवर होता. ती कोण, कुठली, त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. बायका-मुली हिरवी रिबीन बांधून यायच्या, आणि दोन टक्कल पडलेले काका ती कानामागे क्लिपनं अडकवायचे. गाणं म्हणताना तो शब्द सगळे न चुकता गिळायचे. हीच त्या बॅंडची खरी गायकी, असं पोस्टमास्तरांचं ठाम मत होतं आणि त्यावर त्यांनी चार पानी लेख लिहिला होता. आणि तो क्षण आला की तीस-चाळीस माना खटकन डाव्या खांद्यावरून मागे वळायच्या.

मागे, वरच्या बाजूला, केबिनची काच होती.

अंधारात तीस हिरव्या रिबिनी आणि तीस चेहरे, ओठ मिटून ऑपरेटरबाईंकडे बघायचे. कुणी हसायचं नाही, तो त्यांचा नियमच होता. अर्धा सेकंद. पण दर वेळी बाई मशीनच्या आड व्हायच्या. कारण रिबीनवाली ही त्यांची ताई होती, आणि ती मान तशी वळायला लावली होती बाईंनीच.

शूटिंग झालं तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि धाकटी सोळाची. गर्दीतली एक खुर्ची रिकामी दिसत होती म्हणून दिग्दर्शकानं लाइटच्या वायरी ओढणाऱ्या एका पोराला ताईच्या शेजारी बसवलं. त्यानंतर शूटिंगचे पाचही दिवस तो तिथेच बसला. धाकटी वडिलांबरोबर कॅमेऱ्यामागे उभी राहून बघायची. एकदा गाणं चालू असताना ताई त्याच्याकडे वळली, त्यानं तिचा हात धरला, तिनं धरू दिला, आणि मग मान आणखी मागे वळवून तिनं धाकटीला शोधलं आणि ओठांनीच म्हणाली, “आईला सांगू नकोस.”

धाकटीनं सांगितलं नाही.

चार महिन्यांनी ताई ड्रायक्लीनरकडून स्वेटर आणायला म्हणून गेली, ती गेलीच. स्वेटरची पावती टेबलावरच राहिली होती. आईनं विहिरी बघायला लावल्या, दवाखाने पालथे घातले. धाकटी पहिल्या दिवशी गप्प राहिली, कारण शब्द दिला होता. आठवड्यानं गप्प राहिली, कारण ताईचं पत्र येईल असं वाटत होतं. महिन्यानं मात्र गप्प बसण्याचं कारणच बदललं. आता सांगायचं तर महिनाभर का नाही सांगितलंस, हेही सांगावं लागलं असतं. शेजारच्या मावशींजवळ आई एकदा म्हणाली होती, अगदी शांतपणे, डाग काढत असल्यासारखा हात साडीवरून फिरवत, “कोणाला तरी माहीत असणारच. रडू नाही येत मला आता. फक्त त्या माणसाचं तोंड एकदा बघायचंय.”

धाकटी तेव्हा आतल्या खोलीत उशीचे अभ्रे घालत होती.

पुढच्या वर्षी पिक्चरची प्रत आली. आदल्या दिवशी फिल्म तपासायचं काम वडिलांनी तिलाच दिलं होतं. बोटांमधून फिल्म सरकवत फाटकी जागा शोधायची. पाचव्या रिळात तिच्या बोटाखाली ताई आली. भिंगातून बघितलं तर सगळं होतं. तो पोरगा, हात, वळणारी मान, ओठ. धाकटीनं मोजून त्रेचाळीस फ्रेमा कापल्या, दोन्ही टोकं जुळवून चिकटवली आणि तुकडा चुलीत टाकला. फिल्म लगेच पेटत नाही, आधी आक्रसते, मग वितळते, तोवर बघत उभं राहावं लागतं.

पहिल्या खेळाला आई होती. त्या खटक्याला तिनं शेजारी बसलेल्या धाकटीचं मनगट धरलं. “बघितलं? ती मला शोधतेय.”

तेव्हापासून आईनं एक खेळ चुकवला नाही. आता अठ्ठ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे बोलणारे, तरी शेवटच्या रविवारी दुपारी अडीचला चप्पल घालून दारात. सातव्या रांगेतली कडेची खुर्ची तिची. रविवारवाले तिला ‘आजी’ म्हणायचे आणि समजायचे की म्हातारीलाही पाच पोरं आवडतात. माना वळायच्या तेव्हा एकटी आई समोर बघत असायची.

त्या वर्षी मार्चमध्ये पोस्टमास्तर जिन्यानं धापा टाकत केबिनमध्ये आले. टोप वाकडा झाला होता.

“बाई, सापडली. पूर्ण प्रत. दुसऱ्या देशातल्या एका संग्रहात होती, त्यांनी साफ करून डिजिटल केलीय. या रविवारी लावायची. मालक हो म्हणाले.”

“आपली चांगली चालतेय की.”

“चालते कसली, खोकते. अहो, रिबीनवालीच्या शॉटमध्ये दोनेक सेकंद जास्त आहेत म्हणे. एवढी वर्षं आपल्याकडे तुटकीच होती. माझ्या लेखाची चार पानं पाण्यात गेली बघा.” आणि ते लहान मुलासारखे खुश होऊन हसले.

डबा शुक्रवारी आला. काळा, पुस्तकाएवढा. फिल्म असती तर बाईंनी पुन्हा कात्री घेतली असती, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. या डब्यात बोटाखाली येईल असं काहीच नव्हतं.

“आई, या रविवारी राहू दे. ऊन फार आहे.”

“उन्हाला काय मी नवीन आहे?”

“ती जुनी प्रत नाहीये. दुसरी आहे.”

“म्हणजे तुझी ताई नाही त्यात?”

“आहे.”

“मग झालं तर.”

रविवारी चित्र इतकं स्वच्छ दिसलं की जणू आत्ता तिथे खाली कोणीतरी बसलंय. ताईच्या फ्रॉकची बटणं मोजता येत होती. ती वळली, सावकाश. हात. मग आणखी मागे. ओठ हलले. सवयीनं चुकीच्या ठोक्याला माना वळवलेले रविवारवाले गडबडीनं पुन्हा पडद्याकडे वळले. चौतीस वर्षांनी ताईनं पुन्हा बाईंकडे बघून तेच सांगितलं होतं. बाईंनी काचेपासून दोन पावलं मागे घेतली.

घरी येताना आई रस्त्याच्या कडेनं भिंतीला हात लावत चालत होती.

“आज ती काहीतरी बोलली ग.”

“गाणं म्हणत होती.”

“गाण्याचं तोंड वेगळं असतं,” आई म्हणाली. बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, “शेजारी कोण बसलं होतं तिच्या?”

“मला वरून नीट दिसत नाही, आई.”

आईनं मान डोलावली. त्या महिन्यात तिनं तो विषय काढला नाही; फक्त जेवताना मधूनच घास थांबवून ती ओठ हलवून बघायची. एक आकार, मग दुसरा. आरशासमोर नाही, भिंतीकडे बघून. बाई ताटातली बोटं तशीच ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

पुढच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तरांचा फोन आला.

“बाई, कोडं सुटलं. आपल्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एक बाई आहेत ना, उंच? त्यांना ओठ वाचता येतात. मोबाइलवर उतरवलेला तेवढा तुकडा चार वेळा बघून त्यांनी लिहूनच दिलं.”

“काय लिहून दिलं?”

“ते उद्या. सगळ्यांनी बसवलंय. आता नुसती मान वळवायची नाही, वाक्यही म्हणायचं. आणि शॉट बदलला तरी माना तशाच ठेवायच्या, तुम्हांला नीट दिसलं पाहिजे. एवढी वर्षं आमच्यासाठी ते मशीन सांभाळलंत, तुमचा मान नको का करायला?”

“नका करू.” बाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “पोस्टमास्तर, मी सांगते म्हणून. नका.”

“लाजताय काय,” ते म्हणाले आणि हसत फोन ठेवला.

संध्याकाळी आई खिडकीशी बसून ब्लाउजला हुक लावत होती. बाई समोर जाऊन बसल्या. सांगायचं तर आत्ताच, आपल्या तोंडानं. चाळीस माणसांच्या तोंडून ऐकण्याआधी.

“आई.”

“हं.”

“सुई ओवून देऊ?”

“ओवलेलीच आहे,” आई म्हणाली. आणि सुई थांबवून तिच्याकडे बघत राहिली, वाट बघितल्यासारखी. बाई उठून पाणी भरायला गेल्या.

रविवारी गाणं सुरू झालं. डिजिटलला हात लावायला काही नसतं. बाईंचे हात मांडीवर रिकामे पडून होते. ताई वळली. हात. आणखी मागे. खाली चाळीस माना तिच्याबरोबर, या वेळी खटका न देता, पाण्याखाली वळाव्यात तशा सावकाश वळल्या, आणि चाळीस तोंडं अंधारातून वर बघत एका सुरात म्हणाली,

“आईला सांगू नकोस.”

पडद्यावर पाच पोरं आली, ढोल वाजायला लागला. माना वळलेल्याच होत्या. चेहऱ्यांवर हसू नव्हतं, नियमच होता तो. त्या सगळ्यांच्या मधून सातव्या रांगेतली पांढऱ्या केसांची मान मात्र समोरच राहिली. मग आई उठली. खुर्चीच्या पाठींना धरत, एकेक रांग मागे टाकत मधल्या वाटेनं दाराशी आली.

केबिनचा जिना लोखंडी आहे. चौतीस वर्षांत आई तो कधी चढली नव्हती. बाई प्रत्येक पाऊल ऐकत होत्या. एक गुडघा, मग दुसरा, मग थोडा वेळ नुसता श्वास. दाराला कडी नव्हती, आणि असती तरी त्यांनी लावली नसती.

आई आत आली. आधी काचेशी जाऊन तिनं खाली बघितलं. ते सगळे अजून वर बघत होते, आता तिच्याकडे.

“इथूनच बघायचीस होय,” आई म्हणाली. मग वळली, वडिलांच्या स्टुलावर बसली, चष्मा पदरानं पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि धाकटीच्या तोंडाकडे पुरतं बघून घेतलं. घाई नव्हती तिला.

“नाव काय त्याचं?”

बाईंनी नाव सांगितलं.